बाविसावा तास

माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांना रसायनशास्त्र नको असतं, हे आधीच सांगून टाकते. कुणाला मानसशास्त्र हवं असतं, कुणाला फोटोग्राफी. त्या जागा भरल्या की उरलेली मुलं आमच्याकडे येतात. कला शाखेची, वाणिज्य शाखेची, दहावीनंतर विज्ञानाला हात जोडून निघून गेलेली. विषयाचं नाव ‘दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्र’. आठवड्याला दोन तास, सत्रात एकूण तीस. पहिल्या दिवशी मी विचारते, “हा विषय का घेतला?” मागच्या वर्षी एकानं प्रामाणिक उत्तर दिलं, “मॅडम, वेबसाइटवर बाकीचे बंद दाखवत होतं.”

तेवीस वर्षं मी बी.एस्सी.च्या मुलांना शिकवलं. त्यांना परीक्षेची भीती घालता येते. या मुलांना ती नसते. त्यामुळं त्यांच्यासमोर उभं राहताना मीच थोडी घाबरलेली असते. वर्गाचा अर्धा वेळ ‘केमिकल’ या शब्दाशी झगडण्यात जातो. “मॅडम, आमच्या घरी बिनकेमिकलचा गूळ येतो.” “मॅडम, आई केमिकलचं काहीच वापरत नाही.” मी सांगते, पाणी केमिकल आहे, मीठ केमिकल आहे, तुझी आई केमिकल आहे. मुलं हसतात. घरी जाऊन आईला सांगतात. एका आईनं फोन करून मला जाबही विचारला होता.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मी सवयीप्रमाणे यादी केली. एकोणीस मुद्दे निघाले. मग एकेक खोडत गेले. शेवटी एकच राहिला, आणि तो मला खोडता येईना, म्हणून हे लिहिते आहे.

याद्यांची सवय जुनी आहे. फ्रिजवर एक, पर्समध्ये एक, स्टाफरूममध्ये माझ्या टेबलाच्या काचेखाली एक. वडील प्राथमिक शिक्षक होते. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या खाली वडिलांनी पट्टीनं आखलेलं आम्हा भावंडांचं वेळापत्रक, एवढीच सजावट. उशीर झाला तर वडील रागावत नसत, वेळापत्रकाकडे बोट दाखवत. मी अजूनही स्वतःला तसंच बोट दाखवते.

तर या विषयाच्या तीस तासांचं नियोजन मी सत्र सुरू होण्याच्या आधी करून काचेखाली सरकवलं होतं. पहिला तास, पदार्थ म्हणजे काय. मग अणूची रचना, मूलद्रव्यं, आम्लं आणि आम्लारी, पाणी, साबण, खाद्यपदार्थ, औषधं, खतं. बाविसाव्या तासाला ‘घरातल्या कोणत्या वस्तू एकत्र करू नयेत’. क्रम तर्काला धरून होता. आम्ल म्हणजे काय हे कळल्याशिवाय ते कशात ओतू नये हे कसं कळणार? पाया आधी, भिंत नंतर. मला त्या क्रमाचा अभिमान होता. दुसऱ्या कॉलेजच्या एका प्राध्यापिकेनं तो मागून नेला, तेव्हा मी दोन दिवस खुशीत होते.

आठव्या तासाचं नाव मी ‘बाटली’ ठेवलं होतं. प्रत्येकानं घरातून एक बाटली, डबी किंवा पाकीट आणायचं, लेबल वाचायचं, त्यातल्या एका घटकाबद्दल बोलायचं. दहा गुण. हा तास मुलांना आवडायचा. एकानं वडिलांचा केसांचा काळा रंग चोरून आणला होता आणि “वडिलांना कळता कामा नये” म्हणून तो पिशवीबाहेर काढायला तयार नव्हता. औरंगपुऱ्यात अत्तराचं दुकान असलेल्या घरातला इम्रान चंदनाची कुपी घेऊन आला.

“यात काय आहे?” मी विचारलं.

“मॅडम, अब्बा बोलते, इसमें चंदन छोड को सब है.”

त्याला मी दहापैकी दहा दिले.

नियम एकच होता आणि तो मी दोनदा फळ्यावर लिहिला होता. लेबल असलेलीच वस्तू. लेबल नाही तर गुण नाहीत. नियम नसता तर मुलांनी तांब्यातलं पाणी आणि खिशातली बडीशेप आणून वेळ मारून नेली असती.

मागच्या वर्षी जानेवारीत, त्या आठव्या तासाला वर्षा उभी राहिली. बी.ए. पहिलं वर्ष, तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसणारी. पडेगावहून यायची. नळाला पाणी येण्याचा दिवस सोडला तर कधी चुकायची नाही. आमच्याकडे “मॅडम, काल पाणी होतं” हे गैरहजेरीचं कारण मान्यच करावं लागतं, माझं स्वतःचंही ते असतं. वर्षानं पिशवीतून कोल्ड्रिंकची अर्ध्या लिटरची बाटली काढली. झाकणावर पॉलिथिन दोऱ्यानं बांधलेलं, आत पिवळसर पातळ काहीतरी.

“लेबल?”

“नाही, मॅडम.”

“काय आहे यात?”

“तेच... तेच विचारायचं होतं.”

“कुठून आणलीस?”

“घरात होती.”

“कशाला वापरता?”

ती शेजारच्या मुलींकडं बघायला लागली. “असंच.”

आमच्या प्रयोगशाळेचे परिचर सांडूमामा दारात उभे होते. त्यांना नाक आहे. लांबूनच म्हणाले, “मॅडम, हे सुट्टं ॲसिड. स्कूटरवाला विकतो गल्लीत, फिनाईलसोबत. ए पोरी, सरळ धर, सरळ.”

मी वर्षाकडे वळले. “नियम काय सांगितला होता?”

“लेबल असलेलीच.”

“मग? पुढच्या तासाला लेबलवाली वस्तू आण. टूथपेस्ट आण, चालेल.”

वर्ग हसला. मामा म्हणाले, “बाटली राहू द्या ना इथंच, मी कपाटात ठेवतो.” मी म्हटलं, “मामा, मुलांच्या घरच्या वस्तू आपण ठेवून घेत नाही.” हाही माझाच नियम. वर्षानं पॉलिथिन पुन्हा घट्ट बांधलं आणि बाटली पिशवीत ठेवली. मी वहीत लिहिलं: ‘लेबल नाही. परत.’ पुढं शून्य. मग पुढचं नाव पुकारलं, कारण अजून अकरा मुलं उरली होती आणि घंटेला बारा मिनिटं.

ती पुढच्या तासाला टूथपेस्ट घेऊन आली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात तर आलीच नाही. सलग चार तास गैरहजर राहिलेल्या मुलांच्या नावापुढं मी लाल खूण करते. लाल पेन उघडून हजेरी घेत होते, तेवढ्यात इम्रान उठला.

“मॅडम, वर्षाला लाल नका करू. उसकी अम्मी दवाखान्यात है.”

“काय झालं?”

“गॅस लगा बोलते.”

“सिलिंडर?”

“नै मॅडम. संडास धोते धोते.”

पेन उघडंच राहिलं. त्या तासाला मी पाण्याचा कठीणपणा शिकवला, असं वहीत लिहिलेलं आहे. मला त्यातलं एक वाक्य आठवत नाही. शिकवताना एकच हिशोब डोक्यात फिरत होता. बाटली परत केली तो दिवस, आणि आजचा दिवस. मधे काय झालं असेल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला ‘संडास धुताना गॅस’ एवढे शब्द पुरतात.

दुपारीच मी सरकारी दवाखान्यात गेले. वर्षा वॉर्डच्या बाहेर जिन्याच्या पायरीवर बसली होती. मला बघून ती उठली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, “मॅडम, अर्ज द्यायचा राहिला.”

“अर्ज राहू दे. आई कशी आहे?”

“ऑक्सिजन लावलाय. बोलता येत नाही नीट.” मग थोडं थांबून, “ती बाटली तीच होती, मॅडम.”

ती सांगत गेली. आई पडेगावकडच्या एका मंगल कार्यालयात स्वच्छतागृहं धुते. आठ-दहा दिवसांपासून खोकत होती. छातीत जळतं म्हणायची. वर्षाला त्या बाटलीचा संशय आला, म्हणून तिनं ती उचलून कॉलेजात आणली. आईला न सांगता.

“मग वर्गात का नाही सांगितलंस?”

“सगळ्यांसमोर कसं सांगू? चितेगावला आमची सगळी भावकी आहे. शेत वाटून गेलं, म्हणून आम्ही इकडं आलो. आई कार्यालयात भाज्या निवडायला जाते, असं सांगितलंय सगळ्यांना.”

बाटली तिनं परत घरी नेली. आईनं दुसऱ्या दिवशी कामावर नेली. आणि बरोबर दहाव्या दिवशी, एकाच दिवशी दोन लग्नं होती. टँकरच्या पाण्यानं संडासाच्या भांड्यांवर पिवळे थर धरलेले, मधे पाऊण तास, बाहेर पाहुणे म्हणून दार लावून घेतलेलं. आधी ब्लीचिंग पावडर, वरून ॲसिड. पाहुण्यांपैकीच कुणीतरी दार ढकललं, म्हणून बाई सापडली.

आता बाहेरच्या वाचकांसाठी हे थोडक्यात सांगते, कारण हे प्रत्येक घरात असतं. ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन बांधून ठेवलेला असतो. तो थोडा थोडा सुटतो आणि जंतू मारतो, म्हणून आपण ती पाण्यात टाकतो. तिच्यावर संडासाचं ॲसिड ओतलं की तो सगळा एकदम सुटतो. पिवळट, हिरवट धूर. हवेपेक्षा जड, म्हणून खाली वाकून घासणाऱ्याच्या तोंडापाशीच राहतो. बंद खोलीत दोन-चार श्वास पुरतात. बाटलीतल्या ‘स्प्रे’वाल्या ब्लीचचंही तेच. एवढंच आहे. हे समजायला अणूची रचना लागत नाही.

हे मला तेव्हाही माहीत होतं. माझ्या नियोजनात ते होतं. बाविसाव्या तासाला. दीड महिना लांब.

त्यानंतरचे दिवस माझे फार वाईट गेले. सुशीलाताई, वर्षाची आई, चार दिवसांनी घरी आल्या, पण मला एका जागी बसवेना. कपाटं आवरली, रसायनांच्या बाटल्यांवरची लेबलं नव्यानं लिहिली. मामा म्हणाले, “मॅडम, ही लेबलं तुम्ही गणपतीतच बदलली होती.” शेवटी एका शुक्रवारी मी वर्षाबरोबर पडेगावला गेले.

एक खोली, पत्र्याचं छत, दारात तुळशीऐवजी कोरफडीची कुंडी. सुशीलाताई साडी बदलून, पिशवी घेऊन निघायच्या तयारीत. मी घड्याळात बघितलं. साडेअकरा.

“कुठं निघालात?”

“कामावर. उद्या साखरपुडा आहे.”

“डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“ते सांगतेत. मुकादम म्हणला, उद्यापासून नवीन बाई बघू का? मग परवाच गेले.” बोलताना दर वाक्याला थांबत होत्या. वर्षा मधेच म्हणाली, “मी म्हणलं मी जाते, तर ऐकत नाय.”

“तू कॉलेजला जा. तू संडास धुवायला लागलीस तर मी इतकी खोकले कशाला?”

पिशवीतून कोल्ड्रिंकची बाटली डोकावत होती. दुसरी, तशीच. बाजूला पावडरचं पाकीट.

मी जरा मोठ्यानंच बोलले. “ताई, हे दोन्ही परत घेऊन चाललात?”

“मग कशानं धुवू? थुंकीनं?”

“एक वापरा. दोन्ही एकत्र नाही. त्या धुरानंच तुमची छाती धरली.”

“धूर तर निघतोच, मॅडम. धूर निघाला म्हणजे लागू पडलं. मला आधीच्या बाईनं पहिल्याच दिवशी शिकवलं. फस्सकन आवाज आला, पिवळा धूर निघाला, की समजायचं माल अस्सल आहे. धूर नाय निघाला तर स्कूटरवाल्यानं पाणी मिसळलंय.”

मी शिकवत असलेल्या वर्गाच्या बाहेर असाही एक अभ्यासक्रम चालू होता, आणि त्यात पहिला तास हाच होता. मी त्यांना कोंडलेल्या क्लोरीनचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“तुमचं खरं असंल. पण डाग निघतो ना. मुकादम डाग बघतो, माझी छाती बघत नाय.”

डॉक्टरांनी वर्षाला स्पष्ट सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर फुप्फुसाचा भरवसा देता येणार नाही. आणि ही बाई ती पिशवी घेऊन दारात उभी होती.

मी म्हटलं, “मला चार दिवस द्या. डाग निघेल आणि धूर निघणार नाही, असं काहीतरी शोधते. तोवर नुसतं ॲसिड वापरा, दार उघडं ठेवून.”

“दार उघडं? बाहेर पाहुणे असतेत. गावाकडचं कुणी असलं तर? भावकी म्हणंल, पाटलाची सून लोकाची घाण काढते.”

“माझी आजी बाजाराचं आवार झाडायची,” मी म्हटलं. “सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या. तिची नात तुमच्या मुलीला शिकवते.”

सुशीलाताईंनी माझ्याकडं नीट बघितलं. आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि वर्षाला म्हणाल्या, “वर्षे, मॅडमला चहा टाक. साखर कमी घाल, शिकलेल्या माणसाला कमी लागते.”

कार्यालयाच्या मागं एक फुटकं भांडं टाकून दिलेलं होतं. तशाच पिवळ्या थराचं. इम्राननं स्कूटरवर, पोत्यात घालून त्याचे तुकडे कॉलेजात आणले. मामांनी पोतं उघडून बघितलं आणि बंद केलं. “मॅडम, तेवीस वर्षांत तुम्ही मला लई काय काय धुवायला लावलं. पण हे नवीन आहे.”

चार तुकडे घेतले, त्यांना नंबर दिले. एक नंबरवर नुसतं ॲसिड. दोनवर नुसती पावडर. तीनवर गरम पाण्यात लिंबूसत, जे किराणा दुकानात मिळतं आणि बायका सरबतात घालतात. चार नंबर कोराच ठेवला, तुलनेसाठी. सुशीलाताईंना बोलावलं. त्या आपल्या मुलीच्या कॉलेजात पहिल्यांदाच येत होत्या. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपला काढून आत आल्या.

मामा ओरडले, “बाई, चपला घाला! इथं काचा असतात.”

“देवळात आल्यासारखं वाटलं,” त्या म्हणाल्या आणि लाजल्या.

पिवळा थर म्हणजे मुख्यतः कठीण पाण्यातला चुना. तो आम्लानं विरघळतो. पावडरीला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं, ती जंतूंसाठी. म्हणजे त्या दोघांना एकत्र करून डाग काही जास्त निघत नाही, उलट दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो धूर. दोन नंबरचा तुकडा जसाच्या तसा पिवळा होता. एक नंबर स्वच्छ. सुशीलाताईंनी तीन नंबर उचलला, नखानं खरवडला, घासणीनं दोन हात मारले.

“निघालं की.”

“निघालं.”

“किती वेळ ठेवलं होतं?”

“अर्धा तास.”

त्या हसल्या, हसता हसता खोकला लागला, पाणी प्यायल्या. “मॅडम, दोन लग्नांच्या मधे मला पाऊण तास असतो. भांडी अठरा. एकेकाला अर्धा तास दिला तर नवरी सासरी जाऊन माहेरपणाला परत येईल.”

मामा मोठ्यानं हसले. मी फळ्याकडे वळले आणि अठरा गुणिले अर्धा तास मांडायला लागले. नऊ तास. लिंबूसत दुप्पट केलं तर, पाणी आणखी गरम केलं तर. मी खडू घेऊन उभी, आणि मागून आवाज आला.

“हे कशाला? डाळ शिजायला टाकली की आपण काय कुकरसमोर बसून राहतो व्हय? कणीक मळतो, भाजी चिरतो. सगळ्या भांड्यांत ओळीनं टाकत जायचं, मग फरशी पुसायची. पुसून होईतो पहिलं भांडं तयार.”

मी खडू खाली ठेवला. जन्मभर कामांची क्रमवारी लावून लोकांना ऐकवणारी मी. अठरा भांडी मी एकामागून एक मोजत बसले होते.

“आणि पावडर?” त्यांनी विचारलं.

“ती दुसऱ्या दिवशी. भरपूर पाणी ओतल्यावर. लिंबूसत पण आम्लच आहे, त्याच्यावरही पावडर टाकायची नाही.”

“म्हणजे दोघी जावा.”

“काय?”

“चांगल्या आहेत, पण एका चुलीवर नाय.”

वर्षा भिंतीपाशी उभी होती. माझ्या वहीत मी ते वाक्य तिथंच लिहून घेतलं.

पुढच्या लग्नाच्या दिवशी मी कार्यालयात गेले. मुकादम पोटाला बेल्ट घट्ट बांधलेले गृहस्थ. “मॅडम, कुठल्या कंपनीकडून?”

“कॉलेजकडून.”

“कॉलेज आता संडासात पण आलं का?”

सुशीलाताईंनी नळापाशी गरम पाण्याची बादली ठेवली, ओळीनं टाकत गेल्या, दार अर्धं उघडं ठेवलं, पदर तोंडाला बांधला. मग फरशी. मग परत पहिल्यापासून घासणी. पाऊण तासाला तीन मिनिटं कमी होती. सोळा भांडी पांढरी झाली. शेवटच्या दोन भांड्यांच्या कडेला पिवळं राहिलंच. मुकादमानं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

“हे काय?”

“ते दहा वर्षांचं आहे, साहेब. उद्या परत टाकते. एका दिवसात तुमचं पोट तरी कमी होईल का?”

मला वाटलं, गेली नोकरी. मुकादमानं बेल्टला हात लावला, हसू दाबलं आणि म्हणाले, “वास येत नाही, हे बरंय. पाहुणे नाक धरायचे.” आणि निघून गेले. एवढ्यावर ते ठरलं. कुणी पत्र दिलं नाही की बैठक घेतली नाही. त्या दिवसापासून स्कूटरवाल्याकडून बाटली घेणं बंद झालं, हे वर्षा मला दर आठवड्याला न विचारता सांगायची. मी तिच्या तोंडाकडे बघते ते कशासाठी, हे तिला कळायचं.

सगळं नीट झालं असं मी लिहिणार नाही. सुशीलाताईंना अजून दोन जिने चढले की दम लागतो. थंडीत खोकला येतो. श्वासाचा पंप बरोबर ठेवतात. डॉक्टर म्हणतात कमी होईल, किती ते सांगत नाहीत. त्या अजून तेच काम करतात आणि चितेगावच्या लेखी अजून भाज्याच निवडतात. मी त्यांना वर्गात येऊन बोला म्हटलं होतं. म्हणाल्या, “येईन. पण माझं नाव घेऊ नका.” म्हणून इथंही त्यांचं नाव खरं नाही, वर्षाचंही नाही.

वर्षाच्या नावापुढचं शून्य मी खोडलं आणि दहा केलं. तिनं वहीत डोकावून विचारलं, “मॅडम, नियम?” मी म्हटलं, “नियम चुकला होता.” हे वाक्य म्हणायला मला जड गेलं, हे कबूल करते. ‘लेबल नाही. परत.’ हे मात्र खोडलं नाही. ती वही अजून माझ्या टेबलात आहे. वर्गात मी चाळीस मुलांना लेबलं वाचायला शिकवत होते, आणि जिला खरोखर काही विचारायचं होतं तिची बाटली लेबल नाही म्हणून परत केली होती. आता नियम उलटा आहे. लेबल नसलेलं घरात काय काय आहे ते आधी सांगा. बाटली आणू नका, फोटो आणा, आणि वर्गात सांगायचं नसेल तर चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर ठेवा. चिठ्ठ्या येतात. एकीत लिहिलं होतं, ‘आजोबा दमा म्हणून एक पुडी घेतात, ती काय असते?’ त्या चिठ्ठीनं माझी आणखी एक झोप नेली, पण ते वेगळं.

आणि ‘काय एकत्र करू नये’ हा आता पहिला तास आहे. अणूच्या आधी, पदार्थाच्याही आधी. फळ्यावर पहिलं वाक्य दोन जावांचं. मुलं हसतात आणि ते घरी जाऊन सांगतात. ते मला हवंच असतं.

परवा डिसेंबरच्या सत्राचं नवं नियोजन लिहून काचेखाली सरकवलं. वर्षा आता तिसऱ्या वर्षाला आहे. ग्रंथालयाचं काही काम घेऊन स्टाफरूममध्ये आली होती. सवयीनं टेबलावर वाकून वाचायला लागली.

“मॅडम, बाविसाव्यावर आता काय?”

“गॅस गीझर. बंद मोरीत आंघोळ केली तर विषारी वायू कसा साठतो ते.”

ती बोटावर काहीतरी मोजत होती. “बाविसावा तास म्हणजे फेब्रुवारी संपताना. तोवर थंडी कुठं राहते? गीझर तर सगळ्यांचे डिसेंबरातच लागतात.”

मी काच उचलली. कागद काढला. पेन घेतलं होतं, ते ठेवून पेन्सिल घेतली. गॅस गीझर तिसऱ्या तासाला आणला. तिथं असलेली अणूची रचना बाविसाव्यावर टाकली. अणूला घाई नव्हती.

कागद परत सरकवताना माझी नजर खाली गेली, आणि मी पुन्हा काच उचलली. तेवीसवर काय आहे ते बघायचं राहिलं होतं.